यूकेत कंपनी बुडाली, पगार अडकला? रिडंडन्सी, नोटीस, सुट्टी आणि पगाराचे पैसे कसे मागायचे

शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४. सकाळी पावणेसहाला डबा घेऊन कंपनीच्या गेटवर पोचले तर आमची सगळी शिफ्ट पिवळी जॅकेटं घालून बाहेरच उभी. गेटला साखळी, साखळीला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक ए-फोर कागद, आणि त्यावर लिहिलेलं की आठ वाजता कँटीनमध्ये मीटिंग आहे. मी मिडलंड्समधल्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये क्वालिटी सुपरवायझर होते, सहा वर्षं पूर्ण झालेली, ऑगस्टचा पगार "सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे" म्हणून आधीच लटकलेला. आठ वाजता कधीही न पाहिलेले दोन सुटातले लोक आले, वीस मिनिटं बोलले, प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट दिलं आणि झालं, आमची नोकरी संपली.

त्या पाकिटात काय होतं हे मी तीन दिवस नीट वाचलंच नाही, रिसायकलिंगच्या डब्यात जाता जाता वाचलं ते. नंतर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढ्या जणांनी एवढे प्रश्न विचारलेत की एकदाच सगळं लिहून टाकते. हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे, नॉर्दर्न आयर्लंडचं खातं वेगळं आहे, तिथल्यांनी हा अर्ज भरू नये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मालकाकडे पैसे नाहीत म्हणजे तुमचे पैसे गेले असं नाही. पेस्लिपवर दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स (एनआय) कापला जातो ना, त्याच नॅशनल इन्शुरन्स फंडातून सरकार हे पैसे देतं. देणाऱ्या खात्याचं नाव रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिस, पुढे मी आरपीएस म्हणेन. रिडंडन्सी म्हणजे कामाची जागाच बंद झाली म्हणून मिळणारी भरपाई, आणि नोटिशीचे पैसे म्हणजे आधी सूचना न देता काढलं म्हणून त्या मुदतीचा पगार. ही भीक नाही की उपकार नाही, त्यामुळे लाजत बसू नका, आमच्यातल्या दोघीतिघी उगाच लाजत बसल्या होत्या.

१. कंपनी "बंद" आहे की कायद्याने "इन्सॉल्व्हंट" (दिवाळखोर) आहे ते बघा

सगळा खेळ इथे आहे. शटर खाली आलं, मालक फोन उचलत नाही, एवढ्याने आरपीएस पैसे देत नाही. कंपनी अधिकृतपणे ॲडमिनिस्ट्रेशन (कारभार बाहेरच्या तज्ज्ञाच्या ताब्यात), लिक्विडेशन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं) वगैरे कशात तरी गेलेली लागते. हे कसं कळणार? कंपनीज हाऊस, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, फुकट आहे, दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असेल तर कंपनीच्या पानावर "इन्सॉल्व्हन्सी" असा टॅब दिसतो आणि त्यात ज्याची नेमणूक झालीय त्याचं नाव-पत्ता असतो. द गॅझेट या सरकारी राजपत्रातही नोटीस येते. नाव मात्र पेस्लिपवर आहे तेच शोधा, गेटवरच्या बोर्डावरचं नाही. आमच्याकडे बोर्डावर एक नाव आणि पगार देणारी कंपनी दुसरीच होती.

ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सगळ्यांना लगेच काढतातच असं नाही. ॲडमिनिस्ट्रेटर आल्यावर पहिले १४ दिवस महत्त्वाचे, त्यानंतरही तुम्हाला कामावर ठेवलं तर तिथून पुढचा पगार हा ॲडमिनिस्ट्रेशनचा खर्च धरला जातो आणि तो आधी द्यावा लागतो.

आणि कंपनी इन्सॉल्व्हंट नसून नुसतीच पैसे बुडवत असेल तर हा रस्ता नाही, तुम्हाला आधी एकॅसकडे (मालक-कामगार तडजोड करून देणारी संस्था) आणि मग एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे (नोकरीच्या तंट्यांचं कोर्ट) जावं लागेल. तिथली मुदत फार आखूड असते, आमच्या वेळी पगार-सुट्टीच्या दाव्याला तीन महिन्यांत एक दिवस कमी एवढीच होती. "बघतो, करतो, पुढच्या आठवड्यात देतो" यावर विश्वास ठेवून ती घालवू नका.

२. त्याच रात्री कागद गोळा करा

त्याच रात्री म्हणजे खरंच त्याच रात्री. आमचं पेस्लिपचं पोर्टल शनिवारी सकाळी बंद पडलं आणि कंपनीचा ईमेलही गेला. आमच्यातला पुण्याचा एक मुलगा मीटिंगमधून बाहेर पडल्या पडल्या बसस्टॉपवर उभा राहून मोबाईलवर सगळ्या स्लिपा डाऊनलोड करत होता, मी मनात म्हटलं याला काय घाई सुटलीय. त्याचं बरोबर होतं.

काय लागतं:

- नॅशनल इन्शुरन्स नंबर
- सीएन नंबर (पुढे सांगते)
- नोकरी सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी तारीख
- कॉन्ट्रॅक्ट किंवा ऑफर लेटर
- शेवटच्या तीन-चार महिन्यांच्या पेस्लिपा, शेवटचा पी-६० (वर्षाच्या पगार-टॅक्सचा दाखला), मिळाला तर पी-४५ (नोकरी सुटल्यावर मिळतो तो)
- पगार जमा होतो त्या खात्याची स्टेटमेंटं
- घेतलेल्या सुट्ट्यांची यादी, रोटाचे फोटो, सुट्टी मंजूर झाल्याचे मेसेज
- तुमच्या स्वतःच्या नावाचं यूकेतलं बँक खातं

माझ्यासारखं पोर्टल बंद पडलं असेल तर एचएमआरसीचं, म्हणजे टॅक्स खात्याचं ॲप उघडा. मालकाने दर महिन्याला तुमचा किती पगार कळवला, किती टॅक्स कापला, सगळं तिथे दिसतं. माझा ऑगस्टचा पगार एचएमआरसीला कळवलेला होता पण बँकेत आलेला नव्हता, म्हणजे कागदोपत्री दिलेला! बँक स्टेटमेंट जोडलं म्हणून निभावलं.

आणि राजीनामा देऊ नका. "सही कर, रेफरन्स चांगला देतो" असं सुपरवायझरपासून डायरेक्टरपर्यंत कोणीही म्हटलं तरी नाही. राजीनामा दिला की रिडंडन्सी आणि नोटीस दोन्ही गेलं, उरतो फक्त अडकलेला पगार आणि सुट्टी.

३. सीएन नंबर मिळवा

सीएन ही अक्षरं आणि पुढे आकडे, हा कंपनीच्या केसचा नंबर असतो, तुमचा नाही, सगळ्या कामगारांना एकच. हा नंबर इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर देतो, म्हणजे बुडालेल्या कंपनीचं काम बघायला नेमलेले ते सुटातले लोक. सरकारी लिक्विडेशन असेल तर ऑफिशियल रिसीव्हर देतो. पाकिटात किंवा ईमेलमध्ये असतो, नाही मिळाला तर कंपनीज हाऊसवर जे नाव सापडलं त्यांच्या ऑफिसला ईमेल करा. सोमवार-मंगळवारी फोन कोणी उचलत नाही, ईमेलला उत्तर येतं.

४. तुम्हाला नक्की किती मिळणार ते आधी स्वतः मांडा

फॉर्म उघडण्याआधी वहीत हिशोब मांडा. सगळीकडे "आठवड्याचा पगार" हे माप चालतं आणि त्याला सरकारी कमाल मर्यादा आहे. एप्रिल २०२४ पासून आठवड्याला ७०० पौंड होती, एप्रिल २०२५ पासून ७१९, दर ६ एप्रिलला बदलते, तुमच्या तारखेची बघा. पगार त्याहून जास्त असेल तरी हिशोब त्या मर्यादेनेच होतो.

माझा पगार वर्षाला ३४,००० पौंड. भागिले ५२, म्हणजे आठवड्याला ६५३.८५. बरेच जण महिन्याच्या पगाराला चारने भागतात आणि जास्त आकडा टाकतात, मग तो जुळत नाही आणि अर्ज अडकतो.

रिडंडन्सी: सलग दोन वर्षं पूर्ण झालेली पाहिजेत. २२ वर्षांखालच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्धा आठवडा, २२ ते ४० वयातल्या वर्षाला एक, ४१ पासून पुढच्या वर्षाला दीड. जास्तीत जास्त २० वर्षं धरतात. मोजायचं शेवटच्या दिवसापासून मागे मागे. माझं वय तेव्हा ४३ वर्षं ४ महिने, त्यामुळे शेवटची दोन वर्षं दीडच्या भावाने म्हणजे ३, आणि आधीची चार वर्षं एकाच्या भावाने ४, एकूण ७ आठवडे. ७ × ६५३.८५ = ४,५७६.९५ पौंड. यावर टॅक्स नाही.

पगार: अडकलेला, जास्तीत जास्त ८ आठवड्यांचा. ठरलेलं ओव्हरटाइम आणि कमिशनही यातच येतं. माझा १ ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत, सव्वासहा आठवडे.

सुट्टी: साठलेली पण न घेतलेली, किंवा घेतली पण पैसे न मिळालेली, मागच्या बारा महिन्यांतली, जास्तीत जास्त ६ आठवड्यांची. इथे सगळे घसरतात. आमचं सुट्टीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, बँक हॉलिडे धरून २८ दिवस. साडेआठ महिन्यांचे झाले साधारण २०. मी घेतल्या होत्या ५, म्हणून मी १५ मागितल्या. पण जानेवारी ते ऑगस्टमधले सहा बँक हॉलिडेसुद्धा घेतलेल्यातच धरायचे! म्हणजे ११ घेतल्या, ९ उरल्या. दिवसाला १३०.७७ ने ९ दिवसांचे १,१७६.९३. माझ्या १५ मुळे अर्ज दहा दिवस लोंबकळला.

नोटीस: एक महिना झाला की १ आठवडा, दोन वर्षांनंतर प्रत्येक पूर्ण वर्षाला एक, जास्तीत जास्त १२. माझे ६. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन महिने लिहिलेले होते, पण आरपीएस कायद्यातली किमान नोटीसच देतं.

पगार, सुट्टी आणि नोटीस यातून टॅक्स आणि एनआय जातो, तेव्हा वहीतला आकडा आणि बँकेतला आकडा जुळला नाही म्हणून घाबरू नका.

पार्टटाइम आणि झिरो अवर्सवालेही (ज्यांना ठरलेले तास नसतात ते) मागू शकतात, फक्त "एम्प्लॉयी" असायला पाहिजेत. ज्यांचे तास बदलते असतात त्यांचा १२ आठवड्यांचा सरासरी पगार धरतात. एजन्सीतर्फे काम करणाऱ्यांचा मालक म्हणजे एजन्सी, जिथे रोज जाता ती कंपनी नाही. सेल्फ एम्प्लॉइड असाल तर नाही.

५. पहिला अर्ज

अर्ज गव्ह डॉट यूकेवर ऑनलाइन, फुकट. हे "फुकट" मोठ्याने वाचा, कारण कंपनी बुडाली की दोन दिवसांत फेसबुकवर "आम्ही तुमचा क्लेम करून देतो" वाले उगवतात आणि मिळालेल्या पैशातला हिस्सा मागतात. अर्धा-पाऊण तासाचं काम आहे हो, घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा.

या एका अर्जात रिडंडन्सी, पगार आणि सुट्टी येते. नोटीस यात नाही, ती पुढे.

आतली गंमत अशी की प्रॅक्टिशनर सगळ्या कामगारांची एक मोठी यादी आरपीएसला पाठवतो, त्याला आरपी-१४ए म्हणतात, त्यात तुमची सुरू झाल्याची तारीख, पगार, काय काय देणं आहे ते सगळं असतं. तुमचा अर्ज या यादीशी ताडून बघतात. जुळलं तर पैसे पटकन, नाही जुळलं तर माणूस बसून तपासणार, म्हणजे गेले आठवडे. म्हणून प्रॅक्टिशनरच्या ऑफिसला आधीच विचारा, की माझी जॉइनिंगची तारीख आणि पगार तुमच्याकडे काय आहे? याचा अर्थ त्यांचं चुकीचं असेल तरी तेच भरा असा नाही. आमच्यातल्या एका मावशींची तारीख चार वर्षं उशिराची होती, कारण मधे युनिटचा मालक बदलला होता आणि नव्या सिस्टिममध्ये नवी तारीख पडली. मालक बदलला, काम तेच राहिलं, तर जुनी वर्षं सहसा धरली जातात. मावशींनी पत्र्याच्या डब्यातून जुने पी-६० काढले, चार वर्षं परत मिळवली.

रिडंडन्सीसाठी सहा महिन्यांची मुदत असते, नोकरी संपल्यापासून. मी बाराव्या दिवशी अर्ज केला, पैसे पाचव्या आठवड्यात आले, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक पेमेंटबरोबर येणारं पत्र जपून ठेवा, टॅक्सच्या वेळी लागतं.

६. दुसरा अर्ज, नोटिशीचा

अर्ध्या लोकांचे पैसे इथे राहतात, कारण पहिले पैसे आले की माणूस समजतो झालं.

नोटीस देऊन काढलं असतं तर जेवढे आठवडे पगार मिळाला असता तेवढे आठवडे आधी संपू द्यावे लागतात, मग अर्ज. माझे सहा आठवडे २५ ऑक्टोबरला संपले. पहिला अर्ज गेल्यावर आरपीएस एक वेगळा एलएन नंबर पाठवतं, तो वापरून हा अर्ज करायचा. माझा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला होता.

यात एक मेख आहे. त्या सहा आठवड्यांत तुम्ही दुसरीकडे जे कमावलं ते वजा होतं. मी ७ ऑक्टोबरपासून एजन्सीत लागले, त्या तीन आठवड्यांची कमाई वजा झाली. नवरा म्हणाला घाई केलीस, पण खरं सांगू, घरी बसून मी वेडी झाले असते. लपवू मात्र नका, एचएमआरसीला सगळं दिसतं.

७. जेएसए आणि व्हिसा

नोटिशीच्या पैशातून बेकारभत्ताही (म्हणजेच जेएसए) वजा करतात, आणि तो तुम्ही घेतलाच नसला तरी, मिळू शकला असता म्हणून. तेव्हा न घेण्यात कसलाही मोठेपणा नाही, नुसतं नुकसान आहे. न्यू स्टाइल जेएसए गेल्या दोन-तीन वर्षांच्या एनआयवर मिळतो, २०२४-२५ मध्ये २५ वर्षांवरच्यांना आठवड्याला ९०.५० पौंड होता, सहा महिन्यांपर्यंत. नवऱ्याचा पगार किती हे विचारत नाहीत. मी दहा दिवस उशीर केला, तेवढे गेले ते गेलेच.

व्हिसावाल्यांचा नेहमीचा प्रश्न: "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलंय, मग हे पैसे घेतले तर व्हिसा जाईल का? इमिग्रेशनच्या नियमांत पब्लिक फंड्सची यादी दिलेली आहे, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाऊसिंग बेनिफिट वगैरे. नॅशनल इन्शुरन्स फंडातून येणारं हे पेमेंट त्या यादीत नाही. तो पुण्याचा मुलगा स्किल्ड वर्कर व्हिसावर होता, नोकरीला चौदाच महिने झालेले, म्हणून रिडंडन्सी नाही, पण पगार, सुट्टी आणि एका आठवड्याची नोटीस त्याला मिळाली.

त्याची खरी धावपळ वेगळी होती. स्पॉन्सर, म्हणजे ज्या कंपनीच्या जोरावर व्हिसा मिळाला ती गेली, की होम ऑफिस व्हिसा कमी करतं, सहसा ६० दिवस देतात, आणि ते होम ऑफिसच्या पत्रापासून मोजायचे, नोकरी गेली त्या दिवसापासून नाही. नवी कंपनी स्पॉन्सरचं लायसन्स असलेली पाहिजे आणि व्हिसाचा नवा अर्ज मंजूर झाल्याशिवाय तिथे काम सुरू करता येत नाही. घर बदललं तर होम ऑफिसला पत्ता कळवा, पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडलं तरी दिवस पळतच असतात.

८. वीस किंवा जास्त लोक एकदम काढले असतील तर

एकाच ठिकाणचे २० किंवा जास्त लोक ९० दिवसांच्या आत काढायचे तर मालकाने आधी चर्चा करायला पाहिजे, किमान ३० दिवस आधी सुरू, आणि १०० किंवा जास्त लोक असतील तर ४५. आमच्याशी झालेली चर्चा वीस मिनिटांची. अशा वेळी ट्रायब्युनल "प्रोटेक्टिव्ह अवॉर्ड" देऊ शकतं, म्हणजे चर्चा न केल्याची भरपाई, आमच्या वेळी ९० दिवसांच्या पगारापर्यंत.

हे आपोआप मिळत नाही, आणि शेजारणीने जिंकलं म्हणून तुम्हालाही मिळत नाही. मान्यताप्राप्त युनियन असेल तर युनियन दावा लावते, नसेल तर प्रत्येकाने स्वतःचं नाव दाव्यात घालायचं. आधी एकॅस, मग ट्रायब्युनल, मुदत तीच आखूड. "एकाच ठिकाणचे" हा शब्दही हलका घेऊ नका. वूलवर्थ्स बुडालं तेव्हा ज्या दुकानांत वीसपेक्षा कमी माणसं होती तिथल्यांना काहीच मिळालं नाही, केस युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये निकाल प्रत्येक दुकान वेगळं धरायचं असाच लागला.

आणि आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. आरपीएस हे पैसे पगाराच्याच खात्यात धरतं, म्हणजे दोन्ही मिळून ८ आठवडेच. माझे सव्वासहा पगारात गेले होते, राहिले जेमतेम पावणेदोन. पण ज्यांचा पगार अडकलेला नाही त्यांच्यासाठी हे आठ आठवडे मोठी रक्कम आहे, त्यांनी जरूर लावा.

९. नाही म्हटलं किंवा कमी दिलं तर

आधी पत्रात कारण वाचा. बहुतेक वेळा तारीख, वय, सुट्टीचे दिवस यात काहीतरी असतं. पुरावा जोडून लेखी फेरतपासणी मागा, फोनवर भांडून काही होत नाही, मी भांडले आहे. तरी नाहीच म्हणाले तर ट्रायब्युनलमध्ये जाता येतं, पगार-सुट्टी-नोटिशीच्या निर्णयासाठी आमच्या वेळी मुदत निर्णय कळल्यापासून तीन महिने होती. म्हणून फेरतपासणीची वाट बघतानाही कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

एक नकार मात्र वेगळा असतो. कंपनीचा धंदा दुसऱ्याने विकत घेतला आणि तुमची नोकरी कायद्याने त्याच्याकडे गेली असं आरपीएसला वाटलं, तर ते म्हणतात पैसे नव्या मालकाकडे माग. असं झालं तर सिटिझन्स ॲडव्हाइस (फुकट सल्ला देणारी संस्था) किंवा युनियनकडे जा, हे एकट्याने निस्तरायचं काम नाही.

१०. उरलेसुरले

पेन्शनचं ॲप उघडून बघा. आमचे जूनपासूनचे हप्ते पगारातून कापलेले होते पण पेन्शनमध्ये भरलेलेच नव्हते. याचा अर्ज तुम्ही करायचा नसतो, प्रॅक्टिशनर आरपीएसकडे करतो आणि पैसे थेट पेन्शनमध्ये जातात, पण त्याला आठवण करून द्यायला लागते.

आरपीएसने न दिलेलं सगळं, म्हणजे मर्यादेवरचा पगार, कॉन्ट्रॅक्टची जादाची नोटीस, खिशातून केलेला खर्च, यासाठी प्रॅक्टिशनरकडे "प्रूफ ऑफ डेट" (कंपनीकडून येणं बाकी असल्याचा दावा) नावाचा फॉर्म भरायचा. कामगाराला थोडा अग्रक्रम आहे, दिवाळखोरीआधीच्या चार महिन्यांतल्या पगाराला माणशी ८०० पौंडांपर्यंत आणि सुट्टीच्या पैशाला, पण आरपीएसने तुम्हाला जे दिलं त्यापुरतं तुमच्या जागी तेच रांगेत उभे राहतात. बाकीसाठी तुम्ही रांगेच्या शेपटीला, कागद पुरवणाऱ्या आणि व्हॅन भाड्याने देणाऱ्यांच्या बरोबर.

मी उरलेल्या नोटिशीचा आणि १८६ पौंड प्रवासखर्चाचा फॉर्म भरलाय. लिक्विडेटरचं वर्षातून एकदा जाडजूड पत्र येतं, त्यात त्यांची स्वतःची फी किती झाली ते अगदी पैपैसा लिहिलेलं असतं. फाईलला लावून ठेवते.